न दिलेली साक्ष

निकाल लागला की लातूरचे चौक चेहऱ्यांनी भरून जातात. विजेच्या खांबांवर, दुभाजकाच्या जाळीवर, रसवंतीच्या बंद टपरीवरसुद्धा फ्लेक्स. हसरी पोरं, गळ्यात हार, खाली मार्क. एका फ्लेक्सवर इतके चेहरे बसवलेले असतात की कोण कुणाचं ते फक्त आईबापांनाच ओळखू यावं. ऊन अजून उतरलेलं नसतं. क्लासच्या गल्लीत एकाच दिवशी दोन तऱ्हेचे टमटम दिसतात. एकातून नवी गादी, नवी बादली, नवा टेबल फॅन घेऊन कुणी उतरत असतं. दुसऱ्यात तेच सगळं जुनं होऊन गावाकडं परत निघालेलं असतं. दुसऱ्या टमटमचा फोटो कुणी काढत नाही.

यंदा आमच्या घरातून दोघी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसल्या होत्या. एक माझी मुलगी प्रेरणा. दुसरी रूथ, माझ्या धाकट्या भावाची, सुधीरची मुलगी. सुधीर लोह्याला असतो. लातूरला शिकली तर डॉक्टर होईल, या आशेनं त्यानं रूथला आमच्याकडं आणून सोडलं होतं. दोघी एका खोलीत राहायच्या, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायच्या. पहाटे रूथ आधी उठायची, गुडघे टेकून प्रार्थना करायची, मग प्रेरणाला हलवून जागं करायची. निकाल लागला आणि प्रेरणाला मेडिकलला सहज नंबर लागेल एवढे मार्क मिळाले. रूथला नाही मिळाले. तिची ही दुसरी खेप होती.

त्याच संध्याकाळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांचा फोन आला. हात कणकेत होते म्हणून मी फोन ओट्यावरच ठेवून स्पीकर लावला.

"ताई, देवाची स्तुती असो! लई आनंद झाला. येत्या रविवारी प्रेरणाची साक्ष ठेवू. लेकरांना उत्तेजन मिळतं."

रूथ माझ्या शेजारीच उभी होती, कोथिंबीर निवडत. तिनं हातातली जुडी खाली ठेवली, हात धुतले, पुसले, आणि खोलीत जाऊन दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"बघते, साहेब," एवढंच मी म्हणाले.

आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. उपासनेत उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. आजार बरा झाला, नोकरी लागली, अपघातातून वाचलो. ऐकणाऱ्यांना धीर येतो म्हणतात. येतही असेल. पण साक्ष हा शब्द कानावर पडला की मला अजून ओल्या ताडपत्रीचा वास येतो. भूकंपाच्या वर्षीचा तो पावसाळ्याचा शेवट, आणि त्याला लागून आलेला हिवाळा, माझ्या अंगातून अजून पुरता गेलेला नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना पप्पा म्हणायचो, तेरणेच्या काठच्या एका गावात प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. ख्रिस्ती माणसाला त्या वेळी गावात भाड्यानं घर मिळणं सोपं नव्हतं. तोंडावर कुणी नाही म्हणायचं नाही, खोली रिकामी नाही एवढंच म्हणायचं. घर दिलं ते मुक्ताकाकूनं. तिचे यजमान, तात्या, शेतकरी. त्यांच्या घराचा एक भाग आम्हाला मिळाला. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं सपाट माळवद, एकाच छताखाली दोन बिऱ्हाडं. लोक काय म्हणतील असं तात्या म्हणाले तेव्हा मुक्ताकाकू म्हणाली होती, "मास्तर हाय, लेकरं शिकतील आपली. लोक काय भाकरी देऊन राहिलेत का आपल्याला?"

तिची दोन लेकरं, सुनंदा आणि बाळू. सुनंदा माझ्याएवढी, अकराची. बाळू सुधीरएवढा. त्यांचं दार आणि आमचं दार यांत चार पावलांचं अंगण. कोण कुणाकडं जेवलं याचा हिशेब दोन्ही आयांनी सोडून दिला होता. बाळूला आमच्या लोखंडी पलंगाचं भारी वेड. तो बसला की करकरायचा, उठला की करकरायचा. बाळू पुन्हापुन्हा बसायचा, उठायचा, आणि आई ओरडली की सुनंदा त्याला ओढून न्यायची.

भूकंपाआधी वर्षभर जमीन अधूनमधून गुरगुरायची. खालून जात्यासारखा आवाज यायचा आणि फळीवरची भांडी किणकिणायची. माणसं अंगणात यायची, एकमेकांकडं बघायची, परत आत जायची. पप्पा अशा वेळी आम्हाला जवळ घेऊन छोटीशी प्रार्थना करायचे. सुनंदा-बाळूही येऊन बसायचे. डोळे घट्ट मिटून बसण्यात बाळूचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अनंत चतुर्दशीला शाळेला सुट्टी होती. अहमदपूरला मामानं नवं घर बांधलं होतं, त्या घराची प्रार्थना त्या दिवशी ठेवलेली. आम्ही सकाळीच निघालो. निघताना पप्पांनी मुक्ताकाकूला सांगितलं, "वहिनी, आम्हाला उशीर झालाच तर लेकरांना आमच्याकडं झोपवा. घर रिकामं नको. शाळेचा रेडिओ आहे घरात."

"हाव, झोपतील की," ती म्हणाली. बाळू तोवर पलंगावर चढलाही होता.

संध्याकाळी परतायचं होतं. पण अहमदपुरात विसर्जनाची गर्दी, स्टँडकडं जाणारा रस्ता बंद. ड्रायव्हरनं गाडी बाहेरच्या रस्त्यानं लवकर काढली म्हणे. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा जिथं यष्टी उभी असायची तिथं केळीची सालं पडली होती, इतकंच. आई चिडली. पप्पा म्हणाले, सकाळी जाऊ. आम्ही पोरं खूश, मामाकडं आणखी एक मुक्काम.

पहाटेआधी मामाच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. घर नवं होतं, ते पडलं नाही. आम्ही रस्त्यावर आलो, आणि उजाडल्यावर रेडिओवर आमच्या भागातल्या गावांची नावं यायला लागली.

पप्पा मिळेल त्या ट्रकनं गेले. आई आम्हाला घेऊन लातूरला चर्चच्या आवारात आली, तिथं ओळखीची पुष्कळ कुटुंबं जमली होती. पप्पा परत आले तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत, नखांत माळवदाची पांढरी माती होती. आईनं पाणी दिलं ते त्यांनी हातात धरलं, प्यायलं नाही.

मुक्ताकाकू वाचली होती. तिच्या खोलीत एक तुळई तिरकी अडकली आणि त्या पोकळीत ती राहिली. तात्या शेतावर जागलीला होते, तेही वाचले. आमची बाजू मात्र पार बसली. सुनंदा आणि बाळू पलंगावर होते.

त्यांच्या आईजवळ झोपले असते तर कदाचित ती पोकळी तिघांना पुरली असती. हे वाक्य पप्पांनी कधी उच्चारलं नाही. तात्यांनी मात्र ते आपल्या शब्दांत सुनावलं. काही दिवसांनी आम्ही सगळे गावाला गेलो, तेव्हा ढिगाऱ्यापाशी तात्या बसले होते. पप्पांना बघून उठले नाहीत. म्हणाले, "रिकामं घर राखाया माझी लेकरं ठिवली तुमी, गुरुजी. रिकामं घर."

पप्पा म्हणाले, "हो, तात्या."

एवढंच. मला हो म्हणणं सुचलं नसतं. मी अकरा वर्षांची असले तरी मनात शंभर उत्तरं तयार होती. आम्हाला काय माहीत, तुम्हीच तर हो म्हणालात, दैवच तसं. पप्पांनी त्यातलं एकही वापरलं नाही.

त्या दिवसांतलं जे आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. भूकंपानंतर लगेच धो धो पाऊस लागला होता आणि चितांची ओली लाकडं नीट पेटत नव्हती. तो धूर गावावरून हलायचा नाही. रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर कपडे लटकलेले. दूरच्या लोकांनी ट्रक भरभरून पाठवलेले कोट, स्वेटर, झालरीचे फ्रॉक. आमच्याकडं कुणाच्या अंगाला ते बसणार, म्हणून तिथंच राहिलेले. जंतुनाशकाच्या पावडरीनं वाटा पांढऱ्या झालेल्या. रानात हायब्रिड ज्वारी कणसांवर आलेली, आणि ती काढायला माणूस नाही. कणसं उभ्याउभ्या काळी पडली. पाखरं सुद्धा कमी यायची, किंवा मला तसं वाटायचं.

आणि भीती. चर्चच्या आवारात आम्ही तंबूत राहायचो. धक्के येतच होते. बायका ताटात पाणी भरून ठेवायच्या आणि पाणी हललं की उठायच्या. मी त्या ताटाकडं बघत बसायचे. पण माझी भीती जमिनीची राहिली नव्हती. आवारात जो तो आम्हाला सांगायचा, "देवानं तुमची यष्टी चुकवली गं! केवढं प्रेम!" माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, रडायचे. मला वाटायचं, म्हणजे देवानं त्या दिवशी पाहिलं, निवडलं, आम्हाला इकडं ठेवलं आणि सुनंदाला तिकडं. पुढच्या खेपेला त्यानं उलटं निवडलं तर? सुनंदानं असं काय केलं होतं जे मी केलं नव्हतं? आम्ही एकाच पाटीवर बाराखडी गिरवली होती. ज्या देवाचे सगळे आभार मानत होते त्याला मी घाबरायला लागले. प्रार्थनेला डोळे मिटले की लगेच उघडायचे, तो बघत तर नाही ना म्हणून.

मंडळीनं गावात मदत न्यायचं ठरवलं. घोंगड्या, भांडी, तांदूळ. सोबत बाहेरून एक मोठे प्रचारक येणार होते. पाळकसाहेब, तेव्हाचे, पप्पांना म्हणाले, "गुरुजी, तिथं तुमची साक्ष व्हावी. तुमच्यावरून लोकांना देवाचं सामर्थ्य कळेल."

पप्पा नको म्हणाले. त्या दिवशी तंबूत आईपप्पांचं भांडण झालं. त्यांना भांडताना मी फार कमी पाहिलं होतं.

"देवानं माझी लेकरं राखली," आई म्हणाली, "ते मी झाकून ठेवू?"

"आभार मान. मी कुठं अडवतो? मनात मान."

"मनात मानलेले आभार चोरून आणलेल्यासारखे असतात. कुणाला भिता तुम्ही? तात्यांना?"

"मुक्तावहिनींसमोर मी काय बोलू, तू सांग. तू सांग, मी तेच बोलतो."

आईनं सुधीरच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "तुम्ही नाही बोललात तर लोक म्हणतील गुरुजींचा विश्वास गेला."

पप्पा शेवटी तयार झाले. आईसाठी झाले, असं मला आज वाटतं. ती खोटं काही मागत नव्हती. तिची लेकरं खरंच जिवंत होती. रात्री ती आमच्या दोघांच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, मला जाग असायची म्हणून माहीत.

गावात पत्र्याच्या तात्पुरत्या शेडांजवळ दोन ट्रकांच्या मध्ये ताडपत्री बांधली होती. सकाळी पाऊस होऊन गेलेला, ताडपत्रीच्या पोटात पाणी साठलेलं. गावातले लोक खाली बसले होते. उपासनेसाठी नव्हे, घोंगड्यांसाठी, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या ओळीत मुक्ताकाकू होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी तिला पाहिलं. पप्पांनी पाहिलं होतं की नाही कळलं नाही.

पप्पा उभे राहिले. "मी इथला मास्तर," ते म्हणाले. "तुम्ही ओळखता मला. त्या दिवशी आम्ही अहमदपूरला होतो. आमची यष्टी चुकली."

"हालेलुया!" प्रचारक मनापासून म्हणाले. पुढच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

पप्पांची नजर मागं गेली. ताडपत्रीतून पाण्याची धार एका कडेनं गळत होती.

"आमच्या पलंगावर मुक्तावहिनींची लेकरं झोपली होती," ते म्हणाले आणि थांबले.

मागून मुक्ताकाकूचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "बोला की, गुरुजी. मग तुमच्या देवानं काय केलं? मला बी ऐकायचंय."

टोमणा नव्हता तो. इतकी वर्षं मी तो आवाज मनात फिरवून बघते आहे, त्यात टोमणा सापडत नाही. ती खरंच विचारत होती.

"मला सांगता येत नाही, वहिनी," पप्पा म्हणाले. आणि मागं खुर्ची होती तरी ते खाली ओल्या जमिनीवर बसले.

प्रचारकांनी घाईनं गाणं सुरू केलं. त्यांनाही काही सुचलं नसेल. ढोलकी वाजली, मग घोंगड्या वाटल्या. मुक्ताकाकू घोंगडी न घेताच उठून चालू लागली. तेव्हा आई उठली. साक्षीसाठी हट्ट धरणारी माझी आई ढिगातून दोन घोंगड्या उचलून तिच्या मागं जवळजवळ पळत गेली. पत्र्याच्या शेडांच्या मागं दोघी दिसेनाशा झाल्या. ट्रक सुटायची वेळ झाली तरी आई येईना. आली तेव्हा घोंगड्या नव्हत्या, डोळे सुजले होते. तिथं काय झालं ते तिनं पप्पांना सांगितलं असेल तर असेल. मला कधीच सांगितलं नाही.

गुरुजींचा विश्वास डळमळला, असं मंडळीत बोललं गेलंच. कुणी समजावायला यायचं, कुणी घरी येऊन आमच्यासाठी मोठमोठ्यानं प्रार्थना करायचं. पप्पा सगळ्यांना चहा द्यायचे. उपासनेला जायचे, पण मागं बसायचे, आणि कुणी प्रार्थना करा म्हटलं की मान हलवून नकार द्यायचे. आईला याचं भय वाटायचं. भूकंपात घर गेलं, आता हे जातंय, असं ती एकदा मामीला म्हणाली.

उपासना संपली की दर रविवारी पप्पा यष्टीनं गावाला जायचे. कधी मला सोबत न्यायचे. तात्या त्यांच्याशी बोलायचे नाहीत. शेडसमोर पप्पा बसायचे, मुक्ताकाकू पाणी द्यायची, मग बराच वेळ कुणीच काही बोलायचं नाही. मला त्या शांततेचा कंटाळा यायचा आणि भीतीही वाटायची. परतताना एकदा यष्टीत मी विचारलं, "पप्पा, आपली यष्टी देवानं चुकवली होती का?"

"ड्रायव्हरनं गाडी लवकर काढली, बाळा."

"मग देवानं काय केलं?"

त्यांनी खिडकीची काच खाली केली, वारा लागत होता. म्हणाले, "तेच मला त्याला विचारायचंय."

"मग तुम्ही प्रार्थना का करत नाही?"

"करतो. लोकांपुढं करत नाही. ज्याला जाब विचारायचाय त्याच्याशी बोलणं सोडून कसं चालेल?"

मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही. पण एक झालं. देवाला जाब विचारता येतो, आणि विचारणाऱ्या माणसाला तो लगेच काही करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहत होते. पप्पा शेजारी बसून चणे खात होते. त्या दिवसापासून प्रार्थनेत माझे डोळे थोडे जास्त वेळ मिटून राहायला लागले. भीती गेली असं म्हणणार नाही. आजही नवं घर बघायला गेले की मी आधी भिंतीची जाडी बघते.

नाताळ आला. त्या वर्षी आईनं करंज्या केल्या त्या आमच्यासाठी नव्हत्या. डबा घेऊन आम्ही चौघं गावाला गेलो. थंडी होती, पत्रा दुपारीही गार लागत होता. मुक्ताकाकूनं डबा घेतला, उघडला नाही, बाजूला ठेवला. मग पप्पांना म्हणाली, "गुरुजी, एक विचारू? तुमचा देव मेलेल्याची खबर ठिवतो का?"

"ठेवतो असं मी मानतो."

"मानता का ठावं हाय?"

"मानतो, वहिनी. ठाऊक नाही."

तिनं मान हलवली. ते उत्तर तिला चाललं असावं. म्हणाली, "मग त्याच्याम्होरं त्यांची नावं घ्या. दुसरं काई बोलू नगा. नुसती नावं."

पप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. भूकंपानंतर त्यांनी माणसांत मोठ्यानं केलेली ती पहिली प्रार्थना. "सुनंदा," ते म्हणाले. मग टोपी छातीशी धरली. "बाळू." आमेनसुद्धा म्हणाले नाहीत. दाराबाहेर तात्या उभे होते. त्यांनी ऐकलं. आत आले नाहीत, पण निघूनही गेले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा ते स्टँडपर्यंत मागं मागं चालत आले आणि यष्टी येईपर्यंत थांबले.

पुढं पप्पांची बदली झाली, गाव नव्या जागी वसलं, मी शिकले, लातुरात शिक्षिका झाले. पप्पा जाईपर्यंत घरातल्या प्रत्येक संध्याकाळच्या प्रार्थनेत ती दोन नावं असायची. पण साक्ष त्यांनी पुन्हा कधी दिली नाही. त्यांना काही उत्तर मिळालं का, हे मी त्यांच्या शेवटच्या आजारात विचारणार होते, पण त्यांना दम लागत होता, आणि मग राहूनच गेलं.

हे सगळं मी निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रेरणाला सांगितलं. आजोबांच्या प्रार्थनेतली नावं तिला पाठ होती. पलंगाचं माहीत नव्हतं. ती पायाच्या नखाशी खेळत बसली.

"आई, मग मी काय बोलू? रूथ माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करते. अभ्यासही काही कमी नाही करत."

"आभार मानायची लाज वाटू देऊ नकोस," मी म्हणाले. "तू कष्ट केलेत, आणि आनंद खरा आहे. पण बोलताना सगळ्यात मागं कोण बसलंय ते बघ. बस्स. बाकी तुझं तू ठरव."

हे बोलणं सोपं होतं. अवघड होतं ते खोलीच्या दारापलीकडं. रूथ जेवायला यायची, दोन घास खायची, उठायची. या शहरात निकालानंतर पेपराच्या आतल्या पानांवर काय बातम्या येतात ते इथं राहणाऱ्या प्रत्येक आईला माहीत आहे. मी काही ना काही निमित्त काढून तिच्या दारावरून जायचे. कपडे ठेवायला, झाडू घ्यायला. लोह्याहून सुधीरचा फोन यायचा, दिवसातून कितीदा तरी.

"ताई, जेवली का?"

"थोडं."

"ताई, तिच्या दाराची कडी काढून ठिव." भूकंपाच्या त्या पहाटेपासून आजवर माझा भाऊ कधी दार लावून झोपलेला नाही. "मी येऊ का?"

"ये की. तुझंच घर आहे. पण तिला रागावू नको."

"रागावतो व्हय? मला भ्या वाटून राहिलंय, ताई."

"मला पण," मी म्हणाले. हे आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांना पहिल्यांदा बोललो असू.

रविवारी सकाळी प्रेरणा तयार झाली. रूथ म्हणाली, "मी येत नाही." कुणी आग्रह केला नाही. प्रेरणा तिच्याजवळ गेली, काहीतरी बोलली, रूथनं मान हलवली. प्रेरणा आणि तिचे वडील गेले. मी ओढणी घेतली होती ती परत खुंटीला लावली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर सुपात तूरडाळ निवडायला घेऊन बसले. थोड्या वेळानं रूथ दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, तुम्ही गेला नाहीत?"

"नाही."

"प्रेरणाची साक्ष आहे."

"माहीत आहे."

ती भिंतीला टेकून खाली बसली. सुपातले खडे तीही वेचू लागली. वेचता वेचता म्हणाली, "आत्या, मी देवाला म्हटलं होतं, तू दिलंस तर मी गावात दवाखाना टाकीन, गरिबांकडून पैसे घेणार नाही. खरंच टाकला असता. त्यानं ऐकलंच नाही. का तिचं ऐकलं आणि माझं नाही?"

"मला माहीत नाही, रूथ."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी सांगेन असं तिला वाटलं असावं, मोठी माणसं सांगतात तसं. तिचा चेहरा एकदम वाकडा झाला आणि ती रडायला लागली. निकाल लागल्यापासून पहिल्यांदा. मी सूप बाजूला सारलं, तिला धरलं. डाळ फरशीभर सांडली. ती खूप वेळ रडली, लहान मुलासारखी, नाक माझ्या खांद्याला पुसत. मग म्हणाली, "मला इथून पुढं प्रार्थना करायची नाही."

"नको करू."

"तुम्ही करणार?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी पण."

"मोठ्यानं नका करू मग. आणि तो चांगलंच करतो वगैरे म्हणू नका."

"नाही म्हणणार."

मी डोळे मिटले. बाहेर क्लासच्या गल्लीत कुणाचा तरी टमटम लागला होता, कुणीतरी गादी ओढत होतं, कुणाची तरी आई हाका मारत होती. मी तशीच बसून राहिले, शब्दांशिवाय, छातीत तेच जुनं भय घेऊन. डोळे उघडले तेव्हा रूथ उठून गेली असेल असं मला वाटलं होतं. ती तिथंच होती. गुडघे पोटाशी घेऊन, डोळे उघडे ठेवून, माझी प्रार्थना संपायची वाट बघत.